शिकागोचा सरोवरकाठचा पदपथ व सायकलमार्ग : मोकळ्या किनाऱ्यावरील लोकहक्काचा एक परामर्श

सारांश

अमेरिकेतील शिकागो शहराच्या पूर्वेस मिशिगन सरोवराच्या काठाने सुमारे १८ मैल लांबीचा अखंड पदपथ व सायकलमार्ग आहे. प्रस्तुत लेखात या मार्गाचे स्वरूप, त्यामागील कायदेशीर व नगररचनात्मक इतिहास, पादचारी आणि सायकलस्वार यांच्या वाटा वेगळ्या करण्याचा प्रयोग, किनाऱ्यावरील वांशिक विषमतेचा अनुभव आणि सरोवराच्या बदलत्या जलपातळीचे आव्हान यांचा परामर्श घेतला आहे. किनारा लोकांचा आहे हे तत्त्व आधी प्रस्थापित होते व मार्ग त्यानंतर येतो, हे या अभ्यासातून दिसून येते. भारतीय न्यायव्यवस्थेने याच तत्त्वाचा केलेला स्वीकार आणि मुंबईच्या पवई तलावावरील सायकलमार्गाचा वाद यांच्या संदर्भात या अनुभवाचे मूल्यमापन केले आहे.

बीजशब्द : सरोवरकाठ, पादचारी, सायकलमार्ग, सार्वजनिक विश्वस्त तत्त्व, नगररचना, भराव.

१. प्रस्तावना

एखाद्या शहराला सरोवर, नदी वा समुद्र लाभणे हे निसर्गाचे देणे होय. त्या पाण्याच्या काठाने सामान्य नागरिकाला विनाअडथळा चालता येणे हे मात्र त्या समाजाने मिळवलेले असते. जलाशयाकाठची जमीन ही शहरातील सर्वांत मोलाची जमीन असते. गोदी, रेल्वे, कारखाने, हॉटेले, श्रीमंतांची निवासस्थाने आणि अलीकडच्या काळात द्रुतगती रस्ते या सर्वांचा तिच्यावर डोळा असतो. या स्पर्धेत पायी चालणाऱ्याचा आवाज सर्वांत क्षीण असतो, कारण तो त्या जमिनीतून कोणतेही उत्पन्न निर्माण करीत नाही. त्यामुळे जगातील बहुतेक औद्योगिक शहरांनी आपल्या पाण्याकडे पाठ फिरवलेली दिसते.

शिकागो हेही मुळात औद्योगिक शहरच आहे. १८३७ मध्ये शहराचा दर्जा मिळालेली ही वसाहत काही दशकांतच धान्य, लाकूड, मांस व रेल्वे यांचे अमेरिकेतील प्रमुख केंद्र बनली. तरीही शहराच्या सुमारे ३० मैलांच्या सरोवरकिनाऱ्यापैकी जवळपास २६ मैल किनारा आज सार्वजनिक आहे आणि त्याच्या मोठ्या भागातून चालण्याचा व सायकलचा मार्ग जातो. असे का घडले, हा प्रश्न केवळ पर्यटनाच्या कुतूहलाचा नाही. ज्या शहरांत तलावांचे व नद्यांचे ‘सुशोभीकरण’ हा परवलीचा शब्द झाला आहे, त्या शहरांच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

२. मार्गाचे स्वरूप

हा मार्ग उत्तरेस आर्डमोर अव्हेन्यूपासून सुरू होऊन दक्षिणेस ७१ व्या रस्त्यापर्यंत जातो. लांबी सुमारे १८ मैल, म्हणजे जवळपास २९ किलोमीटर. शिकागोत घरक्रमांकांची मोजणी स्टेट व मॅडिसन या दोन रस्त्यांच्या छेदापासून होते आणि सर्वसाधारणपणे एका मैलाला ८०० क्रमांक येतात. आर्डमोर अव्हेन्यू उत्तरेस ५८०० क्रमांकावर असल्याने ते या केंद्रापासून सव्वासात मैलांवर आहे, तर दक्षिणेचे टोक सुमारे आठ मैलांवर येते. म्हणजे सरळ अंतर पंधरा मैलांच्या आसपास भरते. उरलेली वाढ बंदरे, भूशिरे आणि किनाऱ्याची वळणे यांमुळे होते. तासाला पाच किलोमीटर या गतीने चालणाऱ्यास संपूर्ण मार्ग पार करण्यास सहा तास लागतील. सायकलस्वार मध्यम गतीने दोन तासांत तो पुरा करू शकतो.

उत्तरेकडून निघाल्यास प्रथम फॉस्टर व माँट्रोज येथील वाळूचे किनारे लागतात. माँट्रोजचे भूशीर स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या विसाव्याचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध आहे. पुढे बेलमाँट येथील नौकांचे बंदर, फुलर्टन, नॉर्थ अव्हेन्यू व ओक स्ट्रीट हे किनारे येतात. ओक स्ट्रीटजवळ एका बाजूस उत्तुंग इमारती व दुसऱ्या बाजूस थेट पाणी अशी स्थिती असून मार्ग काँक्रीटच्या धक्क्यावरून जातो. त्यानंतर १९१६ मध्ये खुला झालेला नेव्ही पिअर हा धक्का, शिकागो नदी, ग्रँट पार्क, फील्ड म्युझियम, शेड मत्स्यालय व ॲडलर तारांगण यांचा परिसर येतो. दक्षिणेकडे ३१ व्या रस्त्याचा किनारा, ५५ व्या रस्त्याजवळील प्रोमोंटरी पॉइंट, जॅक्सन पार्क व ६३ व्या रस्त्याचा किनारा ओलांडून मार्ग साउथ शोअर भागात संपतो.

मार्गाच्या पूर्वेस सर्वत्र पाणी असल्याने सूर्योदय सरोवरातून होतो. सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर क्षेत्राच्या या गोड्या पाण्याच्या सरोवराचा पैलतीर दिसत नाही. उन्हाळ्यात सरोवरावरून येणारा वारा काठावरील तापमान शहराच्या आतल्या भागापेक्षा कमी ठेवतो. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की लाटांचे तुषार धक्क्यावर गोठतात आणि मार्गाचे काही भाग वापरण्यास धोकादायक होतात. चालणाऱ्यास वाऱ्याची दिशा पाहूनच निघण्याचे ठिकाण ठरवावे लागते, कारण संपूर्ण मार्ग उत्तर-दक्षिण असून त्यावर आडोसा फार थोडा आहे.

येथे एका पूर्वअटीचा उल्लेख आवश्यक आहे. काठावर फिरणे सुखाचे व्हावयाचे तर पाणी स्वच्छ हवे. एकोणिसाव्या शतकात शिकागोचे सांडपाणी नदीवाटे सरोवरात जात असे आणि शहराचे पिण्याचे पाणीही त्याच सरोवरातून येत असे. १९०० मध्ये खुल्या झालेल्या कालव्याने नदीचा प्रवाह उलटवून तो सरोवरापासून दूर वळवण्यात आला. या उपायाचा भार नदीच्या नव्या दिशेला वसलेल्या गावांवर पडला, हे खरे. परंतु सरोवराच्या काठाला प्राप्त झालेले मोल समजून घेताना ही घटना नजरेआड करता येत नाही.

३. किनारा मोकळा कसा राहिला?

या इतिहासाचा आरंभ एका नकाशावरील टिपेने होतो. इलिनॉय व मिशिगन कालव्याचा खर्च भागवण्यासाठी कालवा आयुक्तांनी जमिनीचे भूखंड पाडून विक्रीस काढले. १८३६ च्या नकाशात मिशिगन अव्हेन्यूच्या पूर्वेकडील पट्ट्यावर त्यांनी असे नमूद केले की, ही सार्वजनिक जागा असून ती इमारती वा अन्य कोणत्याही अडथळ्यांपासून कायम मुक्त राहील. या टिपेमागे उदात्त हेतू कितपत होता, हे सांगता येत नाही. समोर मोकळी जागा राहणार असल्याच्या आश्वासनाने भूखंडांची किंमत वाढते, हा व्यवहारही त्यात असू शकतो. तथापि एकदा लेखी स्वरूपात दिलेले हे आश्वासन पुढे शहराच्या इतिहासात निर्णायक ठरले.

त्या आश्वासनावर पहिला आघात रेल्वेच्या रूपाने झाला. लाटांमुळे किनाऱ्याची धूप होत होती व ती रोखण्यासाठी लागणारा पैसा शहराकडे नव्हता. १८५२ मध्ये इलिनॉय सेंट्रल या रेल्वे कंपनीला किनाऱ्यालगत पाण्यातून रूळ टाकण्याची अनुमती मिळाली आणि त्या बदल्यात तिने लाटा अडवणारा बांध घातला. १८६९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने शहरासमोरील सरोवराच्या तळाची सुमारे एक हजार एकर जमीनच या कंपनीला देऊन टाकली. राज्यपालांनी नकाराधिकार वापरला असता विधिमंडळाने तो डावलला. लोकक्षोभानंतर १८७३ मध्ये हा कायदा रद्द करण्यात आला आणि वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला.

१८९२ मध्ये ‘इलिनॉय सेंट्रल रेलरोड विरुद्ध इलिनॉय’ या खटल्यात न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने निर्णय दिला. सरोवराच्या तळाची मालकी राज्याकडे असली, तरी ती सामान्य मालमत्तेसारखी नसून राज्य ती जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून धारण करते. नौकानयन, व्यापार व मासेमारी यांसाठी लोकांना त्या पाण्याचा वापर करता यावा, हे या विश्वस्ततेचे प्रयोजन आहे. म्हणून राज्याला ही जबाबदारी खासगी हाती सोपवून मोकळे होता येत नाही, असे या निर्णयाचे सार आहे. ‘सार्वजनिक विश्वस्त तत्त्व’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विचाराचा हा आधुनिक काळातील मूलभूत निर्णय मानला जातो.

दुसरा लढा अधिक स्थानिक होता. टपालाद्वारे माल विकणारे व्यापारी ॲरन माँटगोमेरी वॉर्ड यांची कचेरी मिशिगन अव्हेन्यूवर होती. समोरच्या सार्वजनिक जागेत कचरा, छपऱ्या व तबेले साचले होते. १८९० मध्ये त्यांनी शहराविरुद्ध दावा लावला. १८३६ च्या नकाशावर विसंबून भूखंड घेणाऱ्यांच्या वारसदारांना समोरची जागा मोकळी राहण्याचा हक्क आहे, हा त्यांचा युक्तिवाद होता. सुमारे दोन दशके हे खटले चालले व इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने वारंवार त्यांच्या बाजूने कौल दिला. या लढ्यात वॉर्ड लोकप्रिय नव्हते. फील्ड म्युझियमसारखी लोकोपयोगी संस्था ग्रँट पार्कमध्ये उभी राहू न देणारा हेकेखोर मनुष्य, अशी त्यांच्यावर टीका झाली. ते संग्रहालय अखेर १९२१ मध्ये उद्यानाच्या दक्षिणेस उघडले. वॉर्ड यांच्या अडवणुकीचे मोल पुढच्या पिढ्यांना कळले.

याला लगतच्या भूखंडधारकांच्या संमतीने झालेला एक अपवाद म्हणजे आर्ट इन्स्टिट्यूटची १८९३ ची वास्तू. भारतीय वाचकाला ती वेगळ्या कारणाने परिचित आहे. ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्मपरिषदेतील आपले पहिले भाषण याच इमारतीत केले. त्या काळी सरोवराचे पाणी या वास्तूच्या आजच्यापेक्षा बरेच जवळ होते.

४. भरावाची भूमी आणि बर्नहॅम यांचा आराखडा

पाणी दूर गेले ते भरावामुळे. ऑक्टोबर १८७१ च्या भीषण आगीनंतर जळालेल्या शहराचा राडारोडा किनारा व रेल्वेरूळ यांमधील पाण्यात टाकण्यात आला. आजच्या ग्रँट पार्कचा काही भाग त्या राखेवर उभा आहे. त्यानंतरच्या दशकांत उत्तरेस लिंकन पार्क व दक्षिणेस बर्नहॅम पार्क यांसाठी फार मोठ्या प्रमाणावर भराव घालण्यात आला. आज ज्या जमिनीवरून लोक चालतात, तिचा बराच भाग दीडशे वर्षांपूर्वी सरोवर होता. हे वास्तव शिकागोच्या गौरवगाथेत सहसा पुढे आणले जात नाही. परंतु अन्य शहरांनी या उदाहरणाकडे पाहताना ते ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

डॅनियल बर्नहॅम व एडवर्ड बेनेट यांनी १९०९ मध्ये सादर केलेल्या नगर आराखड्यात सरोवरकाठ हा सर्व नागरिकांचा ठेवा मानून सलग उद्यानांची कल्पना मांडण्यात आली. पुढे १९७३ मध्ये शहराने सरोवरकाठाच्या संरक्षणासाठी स्वतंत्र अध्यादेश केला. या पट्ट्यातील बांधकामांना त्यामुळे विशेष छाननीतून जावे लागते. उद्यानांची व मार्गाची व्यवस्था १९३४ मध्ये २२ लहान उद्यानमंडळांच्या एकत्रीकरणातून निर्माण झालेल्या शिकागो पार्क डिस्ट्रिक्टकडे आहे.

हे तत्त्व इतिहासजमा झालेले नाही. २०१४ मध्ये चित्रपटनिर्माते जॉर्ज ल्यूकस यांच्या संग्रहालयासाठी सरोवरकाठची जागा सुचवण्यात आली. ती जागा प्रत्यक्षात वाहनतळ होती. तरीही ‘फ्रेंड्स ऑफ द पार्क्स’ या नागरी संस्थेने सार्वजनिक विश्वस्त तत्त्वाच्या आधारे न्यायालयात धाव घेतली आणि २०१६ मध्ये प्रकल्प मागे घेण्यात आला. वाहनतळाऐवजी संग्रहालय अधिक उपयुक्त नव्हते काय, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला व तो अनाठायी म्हणता येणार नाही. संस्थेचा मुद्दा मात्र उपयुक्ततेचा नव्हता. लोकांच्या वतीने सांभाळलेली जमीन कोणाच्या हाती सोपवण्याचा अधिकार शासनाला आहे काय, एवढाच तो मुद्दा होता.

५. चालणारे, सायकलस्वार आणि मोटारी

मोकळा किनारा मिळाला, तरी त्यावर सुखाने चालता येईलच असे नाही. शिकागोच्या उद्यानांमधून लेक शोअर ड्राइव्ह हा बहुपदरी मोटाररस्ता जातो. २०२१ मध्ये शहराचे पहिले कायम रहिवासी मानले जाणारे कृष्णवर्णीय व्यापारी झाँ बातिस्त प्वाँ द्यू साब्ल यांचे नाव त्याला जोडण्यात आले. वस्तीतून निघालेल्या माणसाला पाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी हा रस्ता भुयारी वाटेने किंवा पुलावरून ओलांडावा लागतो. किनारा सार्वजनिक ठेवणाऱ्या शहराने त्याच किनाऱ्याच्या कडेने मोटारींना मुक्तद्वार दिले, हा या इतिहासातील अंतर्विरोध होय. त्याला अंशतः छेद देणारी घटना १९९६ मध्ये घडली. फील्ड म्युझियमच्या पूर्वेकडून जाणाऱ्या या रस्त्याच्या उत्तरगामी मार्गिका उचलून पश्चिमेस नेण्यात आल्या आणि तीन संग्रहालयांना जोडणारे सलग हिरवे आवार १९९८ मध्ये खुले झाले.

दुसरी अडचण मार्गावरील वापरकर्त्यांच्या परस्परसंबंधांची होती. चालणारा तासाला पाच, धावणारा दहा व सराईत सायकलस्वार तीस किलोमीटर वेगाने जातो. लहान मुले, कुत्र्यांना फिरवणारे लोक व बाबागाड्या यांची त्यात भर पडते. अरुंद सामायिक वाटेवर इतक्या भिन्न वेगांची सरमिसळ झाली की टक्कर व तंटे अटळ होतात. पट्टे रंगवून दिशा ठरवून देण्याचा उपाय अपुरा पडला, कारण वळणावर किंवा किनाऱ्याच्या दारापाशी प्रत्येकाला कोणाची तरी वाट छेदावीच लागत होती.

२०१६ मध्ये संपूर्ण मार्गावर पादचारी व सायकलस्वार यांच्या वाटा अलग करण्याचे ठरले आणि डिसेंबर २०१८ मध्ये हे काम पूर्ण झाले. सर्वसाधारण रचनेत सायकलींसाठी १२ फूट रुंदीची डांबरी वाट आहे. पादचाऱ्यांसाठी २० फुटांची वाट असून तिच्यापैकी १४ फूट डांबरी व उर्वरित भाग धावणाऱ्यांच्या गुडघ्यांना मानवेल अशा मऊ खडीचा आहे. चालणाऱ्यास अधिक रुंदी देण्यामागील विचार समजून घेण्यासारखा आहे. सायकलस्वार एका रांगेत जातो. चालणारी माणसे मात्र सोबतीने, बोलत, थांबत चालतात. त्यांच्यासाठी ती वाट प्रवासाची सोय असते, तशीच भेटीगाठीची जागाही असते.

तिसरा प्रश्न शिकागो नदीच्या मुखाजवळचा. येथे १९३७ मध्ये खुल्या झालेल्या मोटारपुलाच्या अरुंद पदपथावर चालणारे व सायकली यांची कोंडी होत असे. नेव्ही पिअरकडे जाणारे दोन गजबजलेले रस्तेही ओलांडावे लागत. यावर उपाय म्हणून २०१४ मध्ये एका उड्डाणमार्गाचे काम सुरू झाले. अनेक विलंबांनंतर मे २०२१ मध्ये तो पूर्णपणे खुला झाला. अर्ध्या मैलाहून लहान अशा या दुव्यास सात वर्षे लागली, यावरून अखंडतेचे मोल व तिची किंमत दोन्ही ध्यानात येतात. मार्ग जेथे सर्वांत अरुंद वा धोकादायक असतो, तेथेच त्याची खरी गुणवत्ता ठरते. लहान मुलाला घेऊन निघालेली आई ज्या ठिकाणी परत फिरते, तेथेच तिच्यापुरता तो मार्ग संपलेला असतो.

वाटा वेगळ्या करण्याच्या कामासाठी गुंतवणूक व्यवसायातील धनिक केन ग्रिफिन यांनी १ कोटी २० लाख डॉलरची देणगी दिली होती. सार्वजनिक सोयीसाठी खासगी देणगी स्वीकारणे गैर नव्हे. तथापि देणगीने कोणते काम आधी व्हावे हे ठरते, आणि ज्या वस्त्यांना असा देणगीदार लाभत नाही त्यांच्या गरजा मागे पडू शकतात.

६. ‘सर्वांचा’ किनारा : एक अपुरे वचन

कायद्याने सार्वजनिक असलेला किनारा व्यवहारात सर्वांचा असतोच, असे नाही. २७ जुलै १९१९ रोजी दक्षिण शिकागोच्या किनाऱ्यावर युजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा आपल्या मित्रांसह तराफ्यावर होता. २५ व्या रस्त्याचा किनारा कृष्णवर्णीयांचा व २९ व्या रस्त्याचा गोऱ्यांचा, अशी अलिखित सीमा होती. ही सीमा कोणत्याही कायद्यात नव्हती आणि पाण्यावर तर तिची रेघही दिसत नव्हती. तराफा वाहत त्या सीमेपलीकडे गेल्यावर एका गोऱ्या माणसाने दगडफेक केली व मुलगा बुडाला. पोलिसांनी संशयितास अटक करण्यास नकार दिल्यानंतर उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मरण पावली. त्यांपैकी २३ कृष्णवर्णीय व १५ गोरे होते. पाचशेहून अधिक लोक जखमी झाले. त्यानंतर चार दशकांनी, १९६० व १९६१ मध्येही, मार्गाच्या दक्षिण टोकापलीकडील रेनबो बीचवर पोहण्याचा हक्क बजावण्यासाठी कृष्णवर्णीय व गोऱ्या कार्यकर्त्यांना एकत्र येऊन सत्याग्रहासारखे आंदोलन करावे लागले.

आज असे निर्बंध नाहीत. परंतु भूगोलातून त्यांचे अवशेष दिसतात. दक्षिणेकडील ब्राँझव्हिल या कृष्णवर्णीय वस्तीच्या व सरोवराच्या मध्ये मोटाररस्त्याबरोबरच रेल्वेचे रूळही आहेत. त्यामुळे डोळ्यांसमोर दिसणाऱ्या पाण्यापर्यंत पोहोचण्यास लांबचा वळसा पडे. ३५ व्या रस्त्यावर २०१६ मध्ये व ४१ व्या रस्त्यावर २०१८ मध्ये पादचारी व सायकलींसाठी नवे पूल झाल्याने ही स्थिती सुधारू लागली. मार्गाची लांबी मैलांत मोजली जाते. त्याची न्याय्यता मात्र वस्तीपासून त्याच्यापर्यंत जाणाऱ्या वाटांवरून मोजावी लागेल.

कोरोना महासाथीच्या काळात या सोयीचे मोल सर्वांनाच जाणवले. २६ मार्च २०२० रोजी गर्दी टाळण्यासाठी संपूर्ण मार्ग बंद करण्यात आला व २२ जून रोजी तो पुन्हा उघडला. ज्यांच्या घराला अंगण नाही, अशा लोकांसाठी ते तीन महिने म्हणजे शहराचे अंगण हरवल्याचे दिवस होते.

७. पाण्याचा प्रतिवाद

किनारा ही स्थिर रेषा नाही. मिशिगन सरोवराची मासिक सरासरी जलपातळी ऑक्टोबर १९८६ मध्ये १७७.५० मीटर, तर जानेवारी २०१३ मध्ये १७५.५७ मीटर अशी नोंदली गेली. म्हणजे सत्तावीस वर्षांच्या अवधीत सुमारे दोन मीटरची तफावत पडली. त्यानंतर अवघ्या सात वर्षांत पाणी पुन्हा इतके चढले की, जानेवारी ते ऑगस्ट २०२० या प्रत्येक महिन्यात त्या त्या महिन्याचा नवा उच्चांक नोंदला गेला. ११ जानेवारी २०२० च्या वादळात लाटांनी धक्के व मार्ग यांची मोठी हानी केली. भराव घालून मिळवलेली जमीन सरोवर अधूनमधून परत मागते, असेच या घटनांचे वर्णन करावे लागेल.

यावरील उपाय म्हणून गेल्या शतकाच्या अखेरीपासून जुन्या चुनखडी दगडांच्या पायऱ्यांच्या जागी काँक्रीटचे पायरीवजा बांध घालण्यात येत आहेत. प्रोमोंटरी पॉइंट येथील रहिवाशांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला. दगडी पायऱ्यांवर बसता येते, पाण्यात उतरता येते, तर काँक्रीटची भिंत माणसाला पाण्यापासून दूर करते, असे त्यांचे म्हणणे होते. २०२३ मध्ये या भूशिरास शहराने वारसास्थळाचा दर्जा दिला. संरक्षण व सान्निध्य यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न प्रत्येक जलाशयाकाठी उभा राहतो.

८. भारतीय संदर्भ

शिकागोच्या किनाऱ्यावर घडलेला कायद्याचा विचार भारतात पोहोचला आहे. डिसेंबर १९९६ मध्ये ‘एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ’ या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातील बियास नदीकाठची वनजमीन एका खासगी हॉटेलास भाडेपट्ट्याने देण्याचा व्यवहार रद्द ठरवला. त्या निर्णयात न्यायालयाने सार्वजनिक विश्वस्त तत्त्व हा भारतीय कायद्याचा भाग असल्याचे स्पष्ट केले आणि ते करताना १८९२ च्या इलिनॉय सेंट्रल खटल्याची सविस्तर चर्चा केली. मिशिगन सरोवराविषयीचा निर्णय शंभर वर्षांनी हिमालयातील एका नदीच्या रक्षणास उपयोगी पडला.

या पार्श्वभूमीवर मुंबईतील पवई तलावाचे उदाहरण बोलके आहे. १८९१ च्या सुमारास पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला हा तलाव आज मगरी, पक्षी व पाणवनस्पती यांचे आश्रयस्थान आहे. महानगरपालिकेने त्याच्या काठाने सायकल व जॉगिंगसाठी मार्ग बांधण्यास सुरुवात केली. जाळीत दगड भरून पाणी झिरपू देणारे बांधकाम केल्याने तलावास बाधा होणार नाही, असा पालिकेचा युक्तिवाद होता. विद्यार्थी व पर्यावरणप्रेमी न्यायालयात गेले. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाणथळ जागांच्या संरक्षणविषयक नियमांचा आधार घेऊन हे काम बेकायदेशीर ठरवले आणि केलेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला.

वरवर पाहता येथे विसंगती दिसते. शिकागोतील सरोवरकाठचा मार्ग लोकहिताचे प्रतीक ठरतो, तर पवईतील तसाच मार्ग बेकायदेशीर ठरतो. सायकल चालवणे हे तर पर्यावरणस्नेही मानले जाते. या विसंगतीचा उलगडा क्रमाच्या विचाराने होतो. शिकागोत आधी किनाऱ्यावरील लोकहक्काचे रक्षण झाले आणि त्या मोकळ्या जमिनीवर मार्ग आला. पवईत मार्गासाठी तलावाच्याच अंगावर बांधकाम करावे लागत होते. शिकागोनेही एकेकाळी सरोवर भरले, हा आक्षेप येथे घेता येईल व तो रास्तही आहे. परंतु ५८,००० चौरस किलोमीटरच्या सरोवराने जे सोसले, ते शहरी वस्तीने वेढलेल्या लहान तलावाला सोसवेल असे मानता येत नाही. शिवाय पाणथळ जागांविषयीचे आजचे ज्ञान एकोणिसाव्या शतकात उपलब्ध नव्हते. पूर्वसुरींच्या चुका हा अनुकरणाचा आधार होऊ शकत नाही.

९. समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, सरोवरकाठचा मार्ग हे बांधकाम असण्यापूर्वी ती हक्काची बाब असते. १८३६ ची टीप, १८९२ चा निर्णय व वॉर्ड यांचे खटले यांच्याविना १८ मैलांचा मार्ग शक्य नव्हता. दुसरा असा की, हक्क कागदावर मिळाला तरी रस्ते, रूळ व पूर्वग्रह ओलांडून लोकांना पाण्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे. तिसरा असा की, चालणारा व सायकलस्वार या दोघांच्या गरजा भिन्न असून दोघांनाही पुरेशी जागा देणे हे नियोजनाचे कर्तव्य आहे. चौथा व भारतीय शहरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असा की, विश्वस्ताने सांभाळावयाची मूळ ठेव म्हणजे पाणी होय. त्या ठेवीत घट करून बांधलेली वाट लोकांसाठी असली, तरी लोकहिताची ठरत नाही.

शिकागोच्या मार्गावर पहाटे चालणाऱ्या माणसाला या खटल्यांची आठवण असण्याचे कारण नाही. कोणाची परवानगी न मागता, कोणतेही शुल्क न भरता तो पाण्याकाठाने चालत राहतो. कोणाच्याही ध्यानात न येण्याइतका तो हक्क आता नित्याचा झाला आहे. भारतातील तलावांच्या काठी हा दिवस यावयाचा असेल, तर फरसबंदीची निविदा काढण्यापूर्वी त्या तलावाची हद्द निश्चित करून तिचे रक्षण करणे, हे पहिले पाऊल ठरेल.